मुकद्दमा आणि गवाही

गंगापुरात आम्हा काही मित्रांचा एक छोटा गट आहे. तालुक्यातल्या मराठी आणि उर्दू शाळांतील नववी-दहावीच्या मुलांसाठी आम्ही वर्षातून एकदा निबंधस्पर्धा घेतो. बक्षिसे साधीच असतात, दोन-चार पुस्तके आणि पेन. गेल्या खेपेस 'आमच्या गावाचा इतिहास' हा विषय दिला होता. लासूर, वाळूज, कायगाव, खुद्द गंगापूर अशा सगळीकडून निबंध आले. एका रविवारी गठ्ठा सोडून आम्ही वाचायला बसलो आणि तासाभरात सगळ्यांच्या ध्यानात एकच गोष्ट आली. बहुतेक निबंधांची सुरुवात शेराने झाली होती, उरलेल्यांची सुविचाराने. शेराखाली नाव इक्बालचे, नाही तर गालिबचे. त्यातले कित्येक शेर इक्बालचेही नव्हते आणि गालिबचेही नव्हते. काही तर वजनातही बसत नव्हते. शेर संपला की देशाची थोरवी, मग संतांची नावे, मग सुफींची नावे. मुलाचे स्वतःचे गाव तिसऱ्या पानावर यायचे, आणि तोवर पाने संपत आलेली असायची.

एकच निबंध वेगळा होता. कायगावकडच्या एका मुलीचा. तिने शेर दिला नव्हता. पहिल्याच वाक्यात तिने विचारले होते की नकाशात नदीचे नाव गोदावरी आहे, मग आमच्या घरात सगळे तिला गंगा का म्हणतात? आमच्यातील एक परीक्षक म्हणाले, "याला प्रस्तावनाच नाही, गुण कापा." दुसरे म्हणाले, "प्रस्तावना असलेला हा एकच निबंध आहे." वाद संध्याकाळपर्यंत चालला. त्या वादातून जे सुचले, ते या लेखात मांडत आहोत.

मुलांना दोष देण्याआधी आमची स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात आम्ही दखनी भाषेच्या वारशावर बोललो. सुरुवात वलीच्या नावाने एक शेर म्हणून केली. टाळ्या पडल्या. भाषण संपल्यावर पहिल्या रांगेतले एक वृद्ध निवृत्त शिक्षक उठले आणि शांतपणे म्हणाले, "मियाँ, शेर अच्छा है. लेकिन वली के दीवान में कहाँ है?" आमच्याकडे उत्तर नव्हते. तो शेर आम्ही कुठल्याशा डायरीतून उतरवून घेतला होता. पुढच्या अर्ध्या तासात आम्ही जे सांगितले होते ते बहुतेक खरे होते, अभ्यासून सांगितले होते. पण त्या प्रश्नानंतर सभागृहात त्याचे वजन उरले नाही. एक खोटा गवाह उभा केला की खऱ्या गवाहांकडेही लोक संशयाने पाहतात, हे त्या दिवशी कळले.

एका शब्दाचे दोन अर्थ

उर्दूत प्रस्तावनेला 'मुकद्दमा' म्हणतात आणि कोर्टातल्या खटल्यालाही 'मुकद्दमा'च म्हणतात. अरबीत या शब्दाच्या मुळाशी 'पुढे असणे, पुढे ठेवणे' असा अर्थ आहे. मराठीने यातला खटल्याचा अर्थ 'मुकदमा' म्हणून घेतला. ऊसतोड टोळीच्या पुढे असणारा 'मुकादम'ही त्याच घराण्यातला. प्रस्तावनेचा अर्थ मात्र आपल्या मराठीत आला नाही, आणि तो यायला हवा होता असे आम्हाला वाटते. कारण प्रस्तावना म्हणजे वाचकापुढे ठेवलेला दावाच असतो. मी काय म्हणणार आहे, ते का म्हणतो, आणि कशाच्या आधारावर, एवढे तिच्यात आले की तिचे काम झाले.

इब्न खल्दूनने १३७७ मध्ये आपल्या जगाच्या इतिहासाला 'मुकद्दमा' लिहिला. आज तो मूळ इतिहास थोडे लोक वाचतात, मुकद्दमा सारे जग वाचते. त्याचे एक कारण असे की त्याने सुरुवातीलाच आधीच्या इतिहासकारांची उलटतपासणी घेतली. हजरत मूसांच्या सैन्याचा आकडा सहा लाखांवर होता असे जुने लोक लिहीत आले. इब्न खल्दून विचारतो, एवढे लोक त्या मुलखात मावले कसे असते, रणांगणावर एका टोकाला दुसऱ्या टोकाची खबर लागली कशी असती? आकडा मोठ्या नावांनी सांगितला म्हणून त्याने तो मानला नाही. मौलाना हालींनी १८९३ मध्ये आपल्या दीवानाला जोडलेला 'मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी' असाच दीवानापासून सुटून स्वतंत्र ग्रंथ झाला. मराठीत हा मान वि. का. राजवाडे यांच्याकडे जातो. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली निघाला, आणि त्या मालेच्या प्रस्तावना स्वतंत्रपणे वाचल्या गेल्या. राजवाड्यांची मुसलमानांविषयीची अनेक मते आम्हाला मान्य होणारी नाहीत. पण जुन्या पत्रांतले फारसी शब्द एकेक मोजून, काळ पुढे सरकला तसे त्यांचे प्रमाण कसे घटत गेले हे त्यांनी दाखवले, ती रीत शिकण्यासारखी आहे. तिथे पत्रातला उतारा शोभेसाठी येत नाही, मोजण्यासाठी येतो.

औरंगाबादेतले दोन मुकद्दमे

पण एवढे दूर जायचीही गरज नाही. आजचे छत्रपती संभाजीनगर, जुने औरंगाबाद, हे मुकद्दम्यांचेच शहर म्हणता येईल. मौलवी अब्दुल हक १९१२ मध्ये अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे चिटणीस झाले आणि अंजुमनचे दप्तर औरंगाबादेत आले. १९३८ मध्ये ते दिल्लीला जाईपर्यंत जुन्या दखनी आणि उर्दू ग्रंथांची छपाई इथून होत राहिली. 'उर्दू' हे त्रैमासिक १९२१ मध्ये इथूनच सुरू झाले. मौलवीसाहेब प्रत्येक जुन्या ग्रंथाला मुकद्दमा लिहीत. ते इतके मोलाचे ठरले की पुढे 'मुकद्दमात' म्हणून त्यांचे स्वतंत्र संग्रह निघाले.

त्यांची रीत पाहा. गोवळकोंड्याच्या मुल्ला वजहीने १६३५ मध्ये 'सबरस' लिहिले. दखनी गद्याचा तो मुकुटमणी. मौलवीसाहेबांनी तो संपादित करून छापला. वजहीवर त्यांचे प्रेम होते, तरी मुकद्दम्यात त्यांनी साफ दाखवून दिले की ही कथा मुळात निशापूरच्या फत्ताहीची आहे आणि वजहीने त्याचे नाव घेतलेले नाही. ज्याचा गौरव करायचा त्याचीही तपासणी करायची, आणि तपासणीनंतरही गौरव शिल्लक राहतो हे दाखवायचे. 'मरहठी जबान पर फारसी का असर' हे पुस्तकही याच मौलवीसाहेबांनी १९३३ मध्ये औरंगाबादेतून काढले. उर्दूच्या या बाबाने मराठीसाठी वेळ काढला होता, हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे?

दुसरा मुकद्दमा याहून जुना आणि दुःखाचा आहे. मीर गुलाम अली आझाद बिलग्रामी हे अवधचे. औरंगाबादेत आले आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या तकियात, म्हणजे आपल्या पाणचक्कीवर, काही वर्षे राहिले. निजामाचे दिवाण शाहनवाज खान हे त्यांचे मित्र. शाहनवाज खानांनी मोगल अमीर-उमरावांच्या चरित्रांचा 'मआसिरुल उमरा' हा मोठा ग्रंथ लिहायला घेतला होता. मे १७५८ मध्ये औरंगाबादेतील गोंधळात ते मारले गेले. घर लुटले गेले आणि हस्तलिखिताची पाने कुठच्या कुठे गेली. आझाद वर्षभर शोधत राहिले. जे हाती लागले ते जुळवले, ग्रंथाला लावले, आणि वर प्रस्तावना लिहिली. तिच्यात लेखकाचे चरित्र दिले आणि ग्रंथ कसा हरवला, कसा सापडला, हेही सांगितले. पुढे शाहनवाज खानांचे चिरंजीव अब्दुल हय खान यांनी भर घालून १७८० मध्ये ग्रंथ पुरा केला.

मारल्या गेलेल्या मित्राच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिताना माणूस किती विलाप करू शकला असता! आझाद तर अरबी-फारसीचे नामवंत कवी होते, शेरांना तोटा नव्हता. पण वाचकाला सर्वांत आधी काय ठाऊक असायला हवे, हे त्यांनी ओळखले. हातातला कागद कुठून आला, ते. या शहरातल्या शागिर्दांनाही ती शिस्त लागली. आझादांचे शिष्य लछमी नारायण 'शफीक' औरंगाबादी यांनी उर्दू कवींचा तजकिरा लिहिला आणि फारसीत मराठ्यांचा इतिहासही लिहिला. उस्ताद बिलग्रामचा सय्यद, शागिर्द औरंगाबादचा हिंदू, आणि विषय मराठ्यांचा. वारसा असा असतो.

तबर्रुक आणि शहादत

आता मुलांच्या शेराकडे वळू. निबंध शेराने सुरू करायची ही खोड आली कुठून? आमच्या मते ती खोड नव्हे, जुन्या अदबीचा उरलेला अंश आहे. आपल्याकडे ग्रंथ हम्दने सुरू होतो, मग नात. त्यानंतर 'अम्मा बाद' असे दोन शब्द येतात, म्हणजे 'आता यापुढे'. आणि मग 'सबब-ए-तालीफ', हा ग्रंथ मी का लिहिला. मराठीचीही रीत हीच आहे. ज्ञानेश्वरी मंगलाचरणाने उघडते. 'दासबोधा'च्या पहिल्या दशकातला पहिलाच समास ग्रंथारंभाचा आहे. हा ग्रंथ कोणता, यात काय आहे, कोणकोणत्या ग्रंथांचा याला आधार आहे, हे रामदास तिथेच सांगून टाकतात. पेशवाईतल्या पत्रात मायने संपले की 'विज्ञापना' येते, तेच मराठी दप्तराचे 'अम्मा बाद'. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने तर आपल्या 'किताब-ए-नौरस'मध्ये सरस्वतीलाही वंदन केले आणि हजरत गेसूदराजांनाही.

म्हणजे आरंभीचा शेर हा आपल्याकडे हम्दच्या जागी आला आहे. तो तबर्रुक आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण तबर्रुक वेगळे आणि शहादत वेगळी. दर्ग्यातली चादर डोक्याला लावावी, ती कोर्टात पुरावा म्हणून दाखल करू नये. मुलांचे, आणि आम्हा मोठ्यांचेही, चुकते ते इथे. आशीर्वादासाठी घेतलेले वाक्य आपण पुराव्याच्या जागी ठेवतो, आणि निबंधाचे 'अम्मा बाद' कुठे येते याचे भान राहत नाही. आपल्या लेखातले 'अम्मा बाद' शोधावे. त्याच्या आधीचे सारे खोडून पाहावे. लेख तरीही उभा राहत असेल तर ते खोडलेलेच बरे.

पुराव्यासाठी दिलेल्या काव्यपंक्तीला अरबीत 'शाहिद' म्हणतात, म्हणजे साक्षीदार. सीबवैह या आठव्या शतकातील व्याकरणकाराने आपल्या ग्रंथात सुमारे एक हजार पंक्ती अशा साक्षीला उभ्या केल्या. पण वाटेल त्या कवीला साक्षीदार होता येत नसे. अरबी भाषेच्या साक्षीला ठरावीक काळापर्यंतचेच कवी चालत, नंतरचा कवी कितीही गोड असला तरी नाही. कुणाची साक्ष कशासाठी घ्यायची, याचा हा कायदाच होता. हदीसच्या इस्नादमागेही हाच कायदा आहे. कुणी ऐकले, कुणाकडून ऐकले, ते दोघे कधी भेटले होते का? 'सनद' हा शब्द मराठीने त्याच घरातून घेतला आणि वतनाच्या कागदाला लावला. सनद नसेल तर जमीन हातची जाते, हे आपल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. अवतरणालाही सनद लागते, हे मात्र शिकवावे लागते.

गंगापूरच्या भोवती या शिस्तीची तीन ठिकाणे आहेत. एका दिवसात पाहून होतील.

पहिले खुलताबाद. 'फवाइदुल फुआद' लिहिणारे कवी अमीर हसन सिजझी तिथे दफन आहेत. हजरत निजामुद्दीन औलियांच्या मजलिशीत जे ऐकले ते त्यांनी १३०८ ते १३२२ या काळात टिपून ठेवले, मजलिशीच्या तारखांसह. याउलट चिश्ती बुजुर्गांच्या नावावर नंतर कितीतरी मलफूजात फिरू लागली. हजरत नसिरुद्दीन चिराग यांनी आपल्या मुर्शिदांचा हवाला देऊन सांगितले होते की आमच्या बुजुर्गांनी पुस्तके लिहिलेली नाहीत. तरी ती पुस्तके चालूच राहिली. अखेर प्रा. मोहम्मद हबीब यांनी १९५० मध्ये अस्सल आणि बनावट मलफूजात वेगळी करून दाखवली. हे करणारा माणूस सुफींचा शत्रू नव्हता, त्यांचा आशिक होता.

दुसरे नेवासे. कायगावजवळ गोदावरी ओलांडली की टोके, प्रवरासंगम, आणि पुढे नेवासे. ज्ञानेश्वरीच्या अखेरच्या ओव्यांत शके १२१२ हा काळ आणि यादव राजा रामचंद्राचा उल्लेख येतो. त्या ओव्यांच्या साक्षीवर ग्रंथाचा काळ, इसवी सन १२९०, ठरला. इथे ओवी म्हणजे दस्तऐवज.

तिसरे पैठण. नकला करता करता ज्ञानेश्वरीत चुका आणि भेसळ शिरली होती. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पाठ ताडून ग्रंथ शुद्ध केला आणि त्यात कुणी आपली ओवी घालू नये असे बजावले. ज्याला आपण गुरूच्याही वर मानतो त्याच्या नावावर आपले शब्द खपवू नयेत, हीच खरी भक्ती. इक्बालच्या नावावर शेर खपवणाऱ्यांनी पैठणची ही गोष्ट लक्षात ठेवावी.

साक्षीदार खरा असला तरी तो कशाबद्दल बोलू शकतो, हे पाहावे लागते. एकनाथांच्या 'हिंदू-तुर्क संवादा'वरून अमुक दिवशी पैठणच्या चौकात असा वाद झाला, हे सिद्ध होत नाही. सोळाव्या शतकात असा वाद शब्दांत मांडता येत होता, दोघांनाही टोचून बोलता येत होते, आणि शेवट समेटाने करावासा वाटत होता, एवढे मात्र सिद्ध होते. तेही थोडे नाही. फारसी कवी तर शेरातच वर्ष दडवीत. ७८६ हा आकडा ज्या अब्जद पद्धतीने आला, तिनेच अक्षरांची बेरीज करून तारीख काढली जाई. हुमायूं बादशहा गच्चीच्या जिन्यावरून पडून वारला, त्याची एक तारीख फार प्रसिद्ध आहे. तिची बेरीज ९६२ भरते. बादशहा वारला हिजरी ९६३ मध्ये, जानेवारी १५५६ ला. ओळ सुंदर आहे, प्रसंगाला चपखल आहे, आणि एका वर्षाने चुकीची आहे. रामप्रसाद बिस्मिल यांच्या नावावर सारा देश जी गझल म्हणतो, ती पाटण्याच्या बिस्मिल अझीमाबादींची आहे. रामप्रसादांच्या शहादतीला त्याने काही उणेपणा येत नाही. पण इतिहास लिहिताना हे दोन बिस्मिल वेगळेच ठेवावे लागतात.

मुकद्दमा कुणी दाखल केला?

आता घरातली गोष्ट. आम्ही मुस्लिम मराठी लेखक निबंध लिहायला बसलो की पहिल्या परिच्छेदात श्रीगोंद्याचे शेख महंमद येतात, मग इतर मुसलमान संतकवी येतात. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'मुसलमान मराठी संतकवी' लिहून या कवींवर प्रकाश टाकला, त्यांचे ऋण मोठे आहे. पण आम्ही त्या ग्रंथातून बहुतेकदा फक्त नावे उचलली. ती नावे आम्ही दाखल्यासारखी वापरतो. आम्हीही इथलेच, हा घ्या पुरावा! शेख महंमदांच्या 'योगसंग्रामा'त काय आहे, हे आमच्यातल्या कितीजणांनी वाचले आहे? तो संग्राम माणसाच्या आतला आहे. देवाच्या नावावर चालणाऱ्या थोतांडावर ते कडक बोलतात, आणि कुणाला बरे वाटावे म्हणून बोलत नाहीत. अशा माणसाला आम्ही चारित्र्याच्या दाखल्यासाठी कोर्टात उभे करतो, त्याचे म्हणणे ऐकून न घेताच.

आमचा प्रश्न असा आहे की हा मुकद्दमा आमच्यावर दाखल केला कुणी? आणि निबंध आरोपीच्या पिंजऱ्यातूनच का सुरू व्हावा? ज्याचे घर सातशे वर्षे या मातीत आहे त्याने पहिल्या वाक्यात आपल्या घराचा उतारा दाखवत बसू नये. त्याने प्रश्न विचारावा, शोध घ्यावा, आणि प्रश्नाला लागेल तेव्हा शेख महंमदांना आदराने बोलवावे.

ही नुसती लेखनाची गोष्ट राहिलेली नाही. मार्च २०२५ मध्ये खुलताबादच्या कबरीवरून वातावरण तापले, नागपुरात दंगल झाली. त्या दिवसांत आमच्या मोबाईलवर रोज नवी अवतरणे येत होती. बखरीतली म्हणून, फारसी तवारिखेतली म्हणून. काही आमच्या विरुद्ध होती, काही आमच्या बाजूची. जी आमच्यापर्यंत आली त्यातल्या एकाखालीही ग्रंथाचे पान नव्हते. आमच्या बाजूची अवतरणे आमच्या मुलांनी खुशीने पुढे पाठवली. तेव्हा आम्हाला ते वृद्ध शिक्षक आठवले. 'कहाँ है?' हा प्रश्न दुसऱ्याला विचारायचा हक्क त्यालाच, जो तो आधी स्वतःला विचारतो.

त्या रविवारचा वाद कसा मिटला ते सांगून थांबतो. कायगावच्या मुलीचा निबंध आम्ही पुन्हा वाचला. दुसऱ्या पानावर तिने जात्यावरची एक ओवी दिली होती, तिच्यात नदीला गंगा म्हटले होते. खाली तिने लिहिले होते की ही ओवी मला आजीने सांगितली, आजीने तिच्या सासूकडून ऐकली, आणि सासूचे माहेर टोक्याचे होते. आणि पुढे एक वाक्य होते. यावरून नदीच्या दोन्ही काठांवर हेच नाव चालत होते असे मला वाटते, पण अलीकडच्या अजून एका आजीला विचारायचे राहिले आहे.

गुण कापा म्हणणाऱ्या मित्राने तो कागद बराच वेळ हातात धरला. मग ते हसून म्हणाले, "अरे, हिने तर पूर्ण इस्नाद दिली आहे." पहिले बक्षीस तिला दिले. बाकीच्या मुलांचे निबंध आम्ही परत केले, आणि प्रत्येकाच्या पहिल्या शेराखाली पेन्सिलीने एकच प्रश्न लिहून दिला. किस किताब में है?